खालून आलेला ठोका

वेनेटाचं लग्न झालं ते वर्ष. १९८७. लग्नात पहिल्या ओळीत एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती तिच्या हार्लन मामाची. हार्लन मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेक्सोमा तलावात बुडाला आणि त्याचं प्रेत कुणाला सापडलंच नाही.

पुढचं सगळं खरं आहे. ही गोष्ट घडली त्या रात्री वेनेटाचा बाप रॉइस स्वतः बोटीत होता. आणि रॉइस म्हणजे पकडलेल्या माशाचं वजनसुद्धा कधी वाढवून न सांगणारा माणूस.

ऑगस्टची अमावास्या होती. अंगाला चिकटणारा उकाडा.

बोट हार्लनच्या थोरल्या भावाची, डेल्डनची. तो गिऱ्हाइकांना पट्टेरी बास मासे पकडायला न्यायचा. मार्चनंतर त्याने गिऱ्हाइकं सोडली. प्रत्येक अंधाऱ्या रात्री तो एकाच जागी बोट उभी करायचा. तलावाखाली बुडालेल्या जुन्या नदीच्या पात्रावर, जिथे हार्लन पडला होता.

"मासे धरायला जातो," म्हणायचा. कुणी उलटून विचारत नसे.

दोघा भावांची आई ओपल अंथरुणाला खिळली होती. निघताना त्या रात्रीही तिने खिडकीतून हाक मारली.

"आज तरी आण रे त्याला. रिकाम्या कबरीशेजारी मला नको निजवू."

"आणतो, आई," डेल्डन म्हणाला.

जागेवर पोचल्यावर डेल्डन आणि रॉइसने पाण्यावर दिवा सोडला. किड्यांचा ढग जमला. उजेडाखाली शॅड या आमिषाच्या लहान माशांची चांदीसारखी पोरं गोळा झाली. त्यांच्या मागे पट्टेरी येतो.

पण त्याला बोलवावं लागतं. त्यासाठी बोटीची फळी ठोकतात. झाडूचा दांडा घ्यायचा आणि एका तालात ठोकत राहायचं. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. थांबलात की वर येणारा मासा तिथूनच मागे फिरतो.

रॉइसने दांडा घेतला.

"ठोकतोयस की बायकोने बाहेर काढलं म्हणून दार बडवतोयस?" डेल्डन हसला.

"तुझी बहीणच आहे ती. दार उघडायची नाही."

"आण इकडे. मासे बहिरे होतील."

डेल्डन ठोकू लागला. दोन सावकाश, एक झटकन. हा त्यांच्या बापाचा ताल. तलावावर हा ताल फक्त दोघांना यायचा. एक डेल्डन. दुसरा हार्लन.

रॉइसने डब्यातलं सॉसेज खाऱ्या बिस्किटावर ठेवून तोंडात टाकलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं...

किडे नव्हते.

दिवा जळत होता, पण त्याच्याभोवती एकही चिलट नव्हतं. काठावरचे बेडूकही गप्प झाले होते. उजेडाखालचं पाणी नुसतं हिरवं, रिकामं.

त्याने आमिषाच्या टाकीचं झाकण उघडलं. शॅड सतत फिरत राहतो, थांबला तर मरतो. म्हणून तर टाकी गोल असते.

टाकीतले सगळे मासे थांबले होते...

जिवंत होते. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. खाली.

"डेल्डन, हे बघ जरा..."

"श्श."

ठक... ठक... ठक करून डेल्डनचा दांडा थांबण्याआधीच, खोल पाण्यातून उत्तर आलं.

दोन सावकाश. एक झटकन.

लाकडाचा आवाज नव्हता. तळहाताने मारल्यासारखा, ओला.

"मोठा मासा आपटला असेल," रॉइस म्हणाला.

"आमच्या बापाच्या तालात?"

डेल्डन गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा ठोकू लागला. खालून उत्तर आलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी थोडं वरून.

"बास कर, गड्या. चल घरी."

"थांबलो तर मागे फिरेल तो." डेल्डनच्या दाढीतून घाम गळत होता. "जाळी तयार ठेव."

"काय?"

"जाळी, रॉइस! येतोय तो."

पुढचा ठोका थेट त्यांच्या पायांखाली बसला. थर्मासच्या झाकणातली कॉफी हिंदकळली.

रॉइसने दांडा हिसकावला आणि लांब भिरकावला.

तो उजेडात तरंगला. कोरडं लाकूड, तरंगणारच. मग हळूच उभा राहिला... आणि सरळ खाली गेला. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

दोघं वाट बघत राहिले. दांडा वर आला नाही.

मग पुन्हा ठोके सुरू झाले. दोन सावकाश, एक झटकन.

आता आवाज लाकडाचा होता.

"बघितलंस?" डेल्डन हळूच म्हणाला. "आता तो बोलावतोय."

रॉइसने इंजिन सुरू केलं. धक्क्याला बोट बांधेपर्यंत ठोके बोटीच्या तळाशी येत राहिले. एकदाही ताल चुकला नाही.

ओपल खिडकीत जागीच होती.

"सापडला?"

"सापडला, आई," डेल्डन म्हणाला. "पण वर येत नाही तो."

म्हातारीने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर डेल्डन जेवताना मधेच घास थांबवायचा. मान तिरकी करून ऐकायचा.

"ऐकू येतं?" विचारायचा.

रॉइस नाही म्हणायचा. खरं तर त्यालाही यायचं. पहाटे, पलंगाच्या फळीतून.

पुढच्या अमावास्येला डेल्डन एकटाच गेला. सकाळी बोट त्याच जागी सापडली. दिवा जळत होता. बूट फळीवर नीट मांडलेले. टाकीतले शॅड गोल गोल फिरत होते. जाळी मात्र नव्हती.

रॉइसने तलाव सोडला, पण कुणी बोटांनी टेबल वाजवलं की तो आजही उठून बाहेर जातो.

डेल्डन प्रुइट २२ सप्टेंबर १९८७ च्या रात्री गेला. प्रेत मिळालं नाही. त्याची आई ओपल ३ ऑक्टोबरला गेली. तिला दोन रिकाम्या कबरींच्या मधे पुरलं.