आतून वाजणारी घंटा

ओरुरो शहरातल्या लसभांडारात शीतघराचं दार एका जुन्या संगणकावर चालायचं. ऑगस्टच्या पूजेत त्याला घातलेल्या रंगीत कागदी माळा अजून तशाच होत्या. आत जाताना बोट टेकवायचं, बाहेर येताना पुन्हा टेकवायचं. आत कोण आहे ते पडद्यावर दिसायचं.

गेल्या शुक्रवारी आतली फळी कोसळली आणि तिथे काम करणारी बासिलिया जीव मुठीत धरून बाहेर पळाली. जिथे माणूस दचकतो तिथे स्वतःचं नाव घेऊन "चल, इथे राहू नकोस" म्हणायचं असतं, नाहीतर जीव मागे राहतो. आईने शिकवलेलं नेमकं तेच राहून गेलं. तेव्हापासून पडद्यावर तिचं नाव आतच दिसत होतं. आत अडकलेल्याने दाबायची घंटा रिकाम्या शीतघरातून मधूनच वाजायची. बासिलियाला झोप नव्हती, अन्नाला चव नव्हती.

"हा दोष आम्हाला माहीत आहे," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "पण इतक्या जुन्या प्रणालीची दुरुस्ती आम्ही बंद केलीय. नवीन घ्या."

"यंत्र माझ्या सासूसारखं झालंय," पहारेकरी फेर्मीन हसला. "समोर कोणी नसलं तरी हाका मारतं. आज नका जाऊ आत, सिन्योरा."

"जीव परत आणायला दुसरं कोण जाणार? आलेच मी."

भर दुपारी, सकाळपासून काही न खाताच, ती आत गेली. दार मागे लागलं. जपमाळ मनगटाला गुंडाळून तिने डोळे मिटले आणि जिवाला बोलावण्यासाठी डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली.

"बासिलिया, चल. घरी चल गं."

खांद्याला काहीतरी ऊबदार घासून गेलं. चुलीच्या धुराचा वास आला, तिच्याच शालीचा. मागे दार उघडलं, मिटलं.

तिने डोळे उघडले. हातात टोपी नव्हती.

बोट टेकवलं. दाराचा दिवा लालच राहिला. दाराजवळच्या पडद्यावर अक्षरं उमटली : आत कोणी नाही.

तिने घंटा दाबली. दाबतच राहिली.

दाराच्या काचेपलीकडे फेर्मीन सुपाचा वाडगा पुढे करत होता. समोरच्या बाईच्या डोक्यावर टोपी होती.

"आज चेहऱ्यावर तेज आलं बघा! पण ही घंटा..."

"जुना दोष आहे तो," बासिलियाचा आवाज मऊपणे म्हणाला. "कोणी दुरुस्त करणार नाही. वाजू दे. सूप छान झालंय हो."

बासिलियाने काचेला ओठ टेकवून हाक मारली.

काचेवर वाफ धरली नाही.