कप्तानाचा डावा डोळा

ओदिल ब्रेशेचा एक नियम होता आणि तो मोडायला कुणी सांगितलं की तिचं डोकं फिरत असे. मूळ चित्रकाराने रंगवलं ते राहील, नंतर कुणी लिंपलं ते निघेल. फ्रान्समधलं सोम्युर हे घोडदळाचं गाव, घरोघरी भिंतीवर चौकटीतला एखादा मिशाळ पूर्वज टांगलेला. त्यांच्यावरची दीडशे वर्षांची काजळी काढण्यात ओदिलची हयात गेली होती. हाताइतकंच हे काम डोळ्यांचं, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं.

मार्चमध्ये म्हातारे मस्यू वेरीन्याक आपला कप्तान घेऊन आले. निळा डगला, सोनेरी झालर, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी.

"आमच्या पणजोबांचे वडील," ते म्हणाले. "लढाईत डोळा गेला म्हणतात. कुठल्या लढाईत ते जो तो वेगळं सांगतो. थापा मारण्यात आमचं घराणं पहिल्यापासून पुढे."

ओदिलने खिडक्यांच्या झडपा लावून चित्रावर जांभळा दिवा धरला. जुनं वार्निश हिरवट उजळलं. पट्टी तेवढी काळी ठिक्कर राहिली, वार्निशवर मागाहून चढवलेला रंग या दिव्यात दिसतो तशी.

"डोळा शाबूत असणार. पट्टी पुष्कळ नंतरची आहे."

"आजीने रंगवून घेतली असेल. यांच्यासमोर तिला घास उतरत नसे म्हणे." म्हातारे हसले. "काढा ती. काय पाहायचंय ते पाहू दे बिचाऱ्याला."

काम चार दिवस चाललं. आधी थुंकीने ओलावलेल्या कापसाने मळ, मग द्रावकाने पट्टी, तांदळाच्या दाण्याएवढी जागा एका वेळी. खालून तपकिरी डोळा वर आला, कडा किंचित ओलसर. उजव्या डोळ्यात चित्रकाराने उजेडाचा पांढरा ठिपका ठेवला होता. डाव्यात नव्हता. तरी ओदिल झडप उघडायची तेव्हा त्या डोळ्यात खिडकी दिसायची. रंग अजून ओला असेल, असं तिने वहीत लिहिलं आणि मग ते खोडलं. दोनशे वर्षांपूर्वीचा रंग ओला कसा असेल?

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. आठव्या दिवशी त्या डोळ्याने काहीच दिसेना.

"डोळा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वयाला इतका चांगला डोळा मी पाहिला नाही."

"मग दिसत का नाही?"

डॉक्टरांनी दुसऱ्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

एका डोळ्याने कुंचल्याचं टोक कुठे आहे ते कळेना. रंग लावायला जावं तर कुंचला हवेतच थांबे, नाहीतर कापडावर आपटे. ओदिल घाबरली, चांगलीच घाबरली. असंच राहिलं तर कार्यशाळेला कुलूप लावावं लागणार होतं. आणि या सगळ्याची सुरुवात कुठून झाली, हे मान्य करायला तिला आणखी दोन दिवस लागले.

मग ती आपलाच नियम मोडायला बसली. काळा रंग कालवला आणि कप्तानाच्या डाव्या पापणीच्या कोपऱ्यावर एक फटकारा ओढला.

तिच्या डाव्या डोळ्यात उजेडाची एक बारीक रेघ उमटली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. वेरीन्याक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले होते.

"व्वा," चित्रासमोर उभे राहत ते म्हणाले. "कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतंय."

"मस्यू, दोन दिवस द्या. पट्टी परत लावते."

"अहो मादाम, मूळ चित्र झाकायचं नसतं, हे तुम्हीच मला तासभर ऐकवलंत ना? आणि हा डाग कसला?"

"हात लावू नका."

म्हाताऱ्यांनी रुमालाने तो डाग पुसूनही टाकला होता. ओदिलच्या डोळ्यातली रेघ गेली. का थांबा म्हणते, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती? त्यांनी चित्र घोंगडीत गुंडाळलं आणि गाडीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेजाशी बसली असताना डाव्या डोळ्यात एकदम लख्ख उजेड आला. तिला रडूच फुटलं. दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं.

पण दिसत होतं ते तिचं मेज नव्हतं.

पिवळ्या कागदाची भिंत होती. एक गोल टेबल, भिंतीवर टांगल्या उंचीवरून पाहिल्यासारखं. तिथे वेरीन्याक गळ्याशी रुमाल खोचून सूप पीत बसले होते. एवढ्यात त्यांनी मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले. आवाज आला नाही.

ओदिलने चाचपडत फोन लावला.

म्हाताऱ्यांनी चमचा ठेवला. तोंड पुसलं. उठून उजवीकडे गेले, दिसेनासे झाले.

"हॅलो?" तिच्या कानात त्यांचा आवाज आला.

"मस्यू, चित्र परत आणा. पैसे नकोत. फक्त आणा."

"नाही हो. सोबत झालीय मला. मी आहे तोवर ते इथून हलायचं नाही."

फोन बंद झाला. म्हातारे परत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी एक नाशपती घेतली.

ओदिलने दोन्ही डोळे घट्ट मिटले. उजवीकडे अंधार झाला.

डावीकडे वेरीन्याकांनी नाशपती सोलली, तिचे चार तुकडे केले आणि चारही सावकाश खाल्ले.