पत्र्याची पाठ

दुपारचं जेवण आटोपून धाकटा छापखान्यात आला तो एवढ्याशा कामासाठी. पियानोच्या स्वरलिपीच्या नव्या पुस्तकाचा शेवटचा पत्रा यंत्रावर चढवायचा राहिला होता. पत्रा कोरलेला वहिनीनं. सगळेच तिचे. ठशावर हातोडी मारून एकेक स्वर पत्र्यावर उलटा उमटवायचा, तेव्हा कुठे तो कागदावर सुलटा येतो. त्यात तिचे डोळे गेले. पुस्तकांवर मात्र कोरणारा म्हणून धाकट्याचं नाव, ज्याला हातोडी धड धरताही येत नव्हती.

आजारपणात तिनं एकदाच मागितलं होतं, "भावजी, या खेपेला खाली कोपऱ्यात माझं नाव राहू द्या."

"राहील की," तो म्हणाला होता.

ती गेली. कोपऱ्यात तिचं नाव होतं, मुंगीएवढं. पण उद्या या कोरीवकामासाठी धाकट्याचा सत्कार होता. मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं तो मनाशी म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाजेनं हात थोडाच थांबतो? पत्र्यावरचं काही पुसायचं तर पत्रा पालथा घालून पाठीवर ठोकायचं, म्हणजे खड्डा भरून येतो. त्यानं ठोकलं. तिचं नाव गेलं. तिथं उलट्यासुलट्याचा घोळ घालत आपलं उमटवलं.

हात धुताना मागं आवाज आला. टक… टक… वहिनीचीच लय. वळून पाहिलं तर तिचं स्टूल रिकामं. तिच्या डोळ्यांच्या औषधाचा उग्र वास मात्र पसरला होता.

पत्रा यंत्रावर चढवून त्यानं एक प्रत काढली. कोपरा कोरा. तिचं नाव नाही, त्याचंही नाही. पत्रा पालथा केला तर त्याच्या वेड्यावाकड्या घावांशेजारी ताजे, सुबक ठोके. त्याला ते जन्मात जमले नसते.

कुठं तोंड लपवावं कळेना. तो तसाच घरात, आईकडे गेला. ती खिडकीशी बटण शिवत होती.

"आई, माझं फार चुकलं गं…"

आईनं मान वर केली. हाक मारायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"अरे… तुझं नाव काय रे? जिभेवर आलंय बघ…"

तो सांगायला गेला. त्यालाही आठवेना. पाठीच्या कण्यावर हलकेच काहीतरी वाजलं. टक… टक…

आई त्याच्या खांद्यावरून मागं बघत हसली.

"राहू दे. ती आलीय ना, तिलाच विचारते."