लाल दरडीवरचं हाकनाव

अॅमेझॉनचं जंगल वाळून गेलं आणि कोयनेचं खोरं त्याच्याइतकंच उष्ण, ओलं होऊन बसलं, तेव्हा तिकडचे मकाव इकडे आणून वसवले. मकाव म्हणजे निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, चांगला हातभर लांब पोपट; उडाला की वाटावं, कुणाचं लुगडंच दोरीवरून सुटलं. रोज सकाळी थवा नदीकाठच्या लाल दरडीवर माती खायला उतरे. रानबियांतलं विष त्या मातीनं मरतं.

त्या सकाळी दरडीसमोर हिंदुराव घाम पुसत उभे होते. पहिली पिलं त्यांनीच वाढवलेली. त्यांची मंडळी शालनबाई आज प्रथमच रान बघायला येणार होत्या. शास्त्रज्ञ गौतमी फडतरेंनी त्यांना परस्पर बोलावलं होतं.

“बाई, थव्याची ती हाक पुसता येत नाही का हो?” त्यांनी शेजारी उभ्या गौतमीबाईंना विचारलं.

“पुसायची कशाला? मकावाची आई भरवताना एकच आवाज पुन्हा पुन्हा काढते. ते पिलाचं हाकनाव. लेक मोठी झाली की आपल्या पिलांना तेच नाव जरा वळवून देते. पुसलं तर आई पिलाला ओळखणार नाही, भरवणार नाही. आणि या थव्याच्या मूळ मादीला तुम्ही भरवलंत, म्हणजे तिची आई तुम्हीच.” त्या हसल्या. “कोयनेत माणूस उरला नाही तरी तुम्ही दिलेलं नाव राहील.”

हिंदुराव हसले नाहीत. पहिली पिलं वाढवली तेव्हा उबवणी यंत्रातून मादीमागून मादी निघत होती आणि जोड्यांना नर हवे होते. आणखी एक मादी निघाली, तेव्हा चमचा पुढे करत ते म्हणाले होते, “खा गं, नकुसा.” सगळे खिदळले, म्हणून मग रोज म्हणाले. त्यांच्या मुलखात मुलीवर मुलगी झाली की नकोशा पोरीला हे नाव ठेवत. शालनबाईंचं माहेरचं नाव तेच. लग्नात बदललेलं, कुठं बोलू नका म्हणून फक्त नवऱ्याला सांगितलेलं. आणि नेमकी तीच मादी तगली. अख्खा थवा तिच्या पोटचा.

शालनबाई आल्या तोवर दरड निळीपिवळी झाली होती. “काय रंग दिलाय देवानं,” त्या म्हणाल्या.

मग आया पिलांना हाका मारू लागल्या. कुणी लांबवून, कुणी शेवटी शीळ जोडून. नकुसा. नकुसाऽ. इतक्या मायेनं ते नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

शालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हिंदुरावांनी टोपी काढून हातात घेतली.

एक म्हातारी मादी हिंदुरावांना ओळखून जवळच्या फांदीवर उतरली. मान तिरकी करून तिनं हाक दिली, अगदी त्यांच्याच आवाजात.

“ओ,” शालनबाईंच्या तोंडून निघून गेलं, परकरी पोरीसारखं.

दरडीवरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. हिंदुरावांची तेवढी खाली राहिली.