तालमीतली प्रॉक्सी

शेअर रिक्षातून एक निळं दार बाहेर आलं होतं. प्लायवूडचं, नाटकातलं. आत बसलेल्या सोमेशनं ते कसंबसं धरलं होतं.

"मॅडम, जुळे सोलापूरला ना? बसा. फक्त हे जरा धरावं लागेल," तो म्हणाला.

उत्कर्षानं नुसती मान हलवली आणि दार धरून बसली. कॉलेजसाठी ती मैंदर्गीहून सोलापूरला मावशीकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी वर्गात ती 'न्हाय' म्हणाली आणि मागचे दोन बाक हसले. तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं होतं.

दार तालमीच्या हॉलपर्यंत पोचवून ती निघाली, तेवढ्यात प्रभाताईंनी तिच्या हातात नाटकाची वही ठेवली. शाळेतून निवृत्त झालेल्या प्रभाताई हा तरुण मुलांचा नाट्यगट चालवायच्या. "बरं झालं आलीस. पुस्तक धर. कुणी अडलं की पुढचं वाक्य सांगायचं."

नकार द्यायलाही बोलावं लागलं असतं. ती बसली.

तालमीत सोमेश जरा थांबला की ती लगेच वाक्य पुरवायची. तिसऱ्यांदा तो कळवळला, "अहो, मी विसरलो नाही! विचार करतोय... म्हणजे, नाटकातला माणूस विचार करतोय!"

"मग तोंड का असं करताय, विसरल्यावानी?"

सगळे हसले, पण सोमेशला. उत्कर्षाच्या उशिरा लक्षात आलं, की आपण बोललो, आणि आपल्याला कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती न बोलावता गेली. तिचा चहा आधीच ओतून ठेवला होता.

महिनाभरात तिला कळायला लागलं, तो कधी थांबलाय आणि कधी खरंच अडलाय. अडला की तो तिच्याकडे बघायचा. मग न अडताही बघायला लागला.

स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आणि नाटकात भाजीवालीचं काम करणाऱ्या ज्ञानदाला पुण्यात नोकरी लागली. "दुसरी मिळेपर्यंत तिच्या जागी तू प्रॉक्सी वाच," प्रभाताई म्हणाल्या. उत्कर्षानं वाचलं, आपल्या आईच्या तोंडी जसं आलं असतं तसं. प्रभाताईंनी चष्मा काढला. "आता दुसरी शोधायची नाही. काम तूच करायचंस."

ती जिन्यात जाऊन बसली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मागून सोमेश आला.

"लोक हसतील," ती म्हणाली. "कॉलेजची पोरं येणार हायत."

"आमच्या घरी तेलुगू बोलतात. गटात पहिल्या वर्षी मलाही हसले होते. ताई म्हणाल्या, तसंच बोल. सहा वर्षं तसंच बोलतोय."

"तुमच्या बोलण्यात तेलुगू कळतच न्हाय की!"

"तुझ्या बोलण्यात गाव कळतं. आणि ऐकत बसावंसं वाटतं... म्हणजे..."

तो अडला. या वेळी तिनं वाक्य पुरवलं नाही.

स्पर्धेच्या प्रयोगात तिच्या पहिल्याच वाक्याला हशा पिकला. वर्गातली पोरं तिसऱ्या रांगेत होती. तिनं धीर करून तिकडं बघितलं, तर ती सगळी पुढं वाकून तिच्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत होती. दुसरं वाक्य ती मोठ्यानं बोलली. मग तिला थांबवणारं कुणी नव्हतं.

पडदा पडल्यावर ती प्रभाताईंच्या पाया पडली, पडदा ओढणाऱ्या धुळा नावाच्या मुलाच्यासुद्धा पाया पडायला निघाली. तो लाजून पळाला. आत मेकअपच्या खोलीत सोमेश आरशासमोर बसला होता. तोंडाला रंग काढायचं क्रीम, ओठावर अर्धी निघालेली खोटी मिशी.

"सगळ्यांचे आभार मानून आले," ती म्हणाली. "तुमचे न्हाय मानत. तुमाला दुसरं सांगायचंय."

"काय?"

"मला तुमी आवडता. लई."

सोमेशच्या हातातला कापूस खाली पडला. "अगं... असं तोंड असताना सांगतात होय?"

"तोंडाचं जाऊ द्या. उत्तर द्या की."

"महिनाभर सांगायचं म्हणतोय. पण भ्यालो. नवीन मुलगी, घाबरून गट सोडून गेली तर? नुकती कुठं बोलायला लागली होतीस."

"मग आता?"

"आता तू जाशील असं वाटत नाही."

उत्कर्षानं स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या ओठावरची उरलेली मिशी हळूच ओढून काढली.

"न्हाय जात," ती म्हणाली.