उसातली हाक

राजरत्न विश्रामबागेतल्या त्या दुकानात गेला तो आईसाठी घड्याळ आणायला. काम साधंच होतं. घड्याळात सिमकार्ड घालायचं, मनगटाला बांधायचं, की माणूस कुठं आहे ते आपल्या मोबाइलवर दिसतं. खरं तर लहान मुलांसाठी निघालेली वस्तू ती. निळा पट्टा, त्यावर अस्वलाचं चित्र.

"मुलगा केवढा आहे?" दुकानदारानं विचारलं.

"सत्तरीचा," राजरत्न म्हणाला. दोघंही हसले. मोटारसायकलला किक मारताना मात्र त्याचं हसू विरून गेलं होतं.

त्याची आई, येसूबाई, गेली दोनेक वर्षं हळूहळू विसरत चालली होती. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग गॅस तसाच चालू राहायला लागला. मग एक दिवस ती पलूसच्या बाजारात स्वतःच्या घराचा रस्ता विचारत उभी राहिलेली सापडली. राजरत्न सांगलीला विम्याच्या कचेरीत, बायको पिंकी इस्लामपूरला एका दवाखान्यात नर्स. सांभाळायला ठेवलेल्या बायका टिकत नव्हत्या, कारण येसूबाई त्यांना चोर समजून काठी उगारायची. दोघांतल्या एकानं नोकरी सोडावी तर घर चालायचं कसं, आणि न सोडावी तर आईला बघायचं कोणी, या कात्रीत घर अडकलं होतं.

राजरत्नला एक नाद होता. यंत्रं उघडून बघायची, इंटरनेटवर फुकट मिळणारी साधनं एकमेकांना जोडून काहीतरी घडवायचं. पाण्याची टाकी भरली की त्याच्या मोबाइलवर शिट्टी वाजायची, अंधार पडला की अंगणातला दिवा आपोआप लागायचा. पिंकी त्याला 'तुमचा खेळ' म्हणायची. आता मात्र तो खेळ राहिला नव्हता. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसा राजरत्न एकेक वस्तू घरात आणत होता. दारावर कॅमेरा आला, आतल्या खोलीत कॅमेरा आला. मग घड्याळ आलं. आणि शेवटी फळीवर एक बोलणारा स्पीकर आला.

स्पीकर वेळेवर आठवण करून द्यायचा: औषध घ्या, पाणी प्या. पण त्यातला बाईचा आवाज ऐकून येसूबाई घाबरली. "ही कोन बया घरात शिरलीया?" म्हणून तिनं दिवसभर काही खाल्लं नाही.

तेव्हा राजरत्ननं एक वेबसाइट शोधून काढली. तिथं आपण थोडा वेळ वाचून दाखवायचं, मग ती आपला आवाज उचलते; पुढं आपण काहीही लिहिलं तरी ते आपल्याच आवाजात बोलून दाखवते. 'उच्चार स्पष्ट ठेवा' अशी सूचना होती, म्हणून त्यानं शाळेतल्या पुस्तकातला एक धडा शुद्ध मराठीत वाचला. दुसऱ्या दिवशी फळीवरून त्याचाच आवाज आला, "आई, औषध घे." राजरत्नच्या अंगावर काटा आला. स्वतःचा आवाज असा समोरून ऐकायची सवय कुणाला असते? पण आई मान हलवून म्हणाली, "घेते की रं," आणि तिनं गोळी तोंडात टाकली.

बरेच दिवस त्या घराला असं सुख लाभलं नव्हतं. येसूबाई जेवू लागली, वेळेवर झोपू लागली. राजरत्न कचेरीत डबा खाता खाता मोबाइलवर कॅमेरा बघायचा. त्यात फक्त चित्र दिसायचं, आवाज नव्हता. आई फळीखाली पाट घेऊन बसलेली असायची आणि बोलत असायची. बोलायची, मग थांबायची, ऐकल्यासारखी मान वर करायची, मग पुन्हा बोलायची. भोळ्या जिवाला सोबत झाली, असं त्याला वाटलं.

एका संध्याकाळी त्यानं सहज विचारलं, "काय बोलत असतीस गं त्याच्यासंगं?"

"आता बग. तूच तर इचारतोस," ती म्हणाली. "ल्हानपणी दिसायला कसा हुतो. कुनावानी हुतो. किती दिस अंगावर पाजलंस."

राजरत्ननं असं काही कधी लिहून ठेवलं नव्हतं. औषध, पाणी, जेवण, एवढंच. त्यानं हसल्यासारखं केलं. आजारच तो, मनातलं बाहेर ऐकू येतं, असं पिंकी सांगायची.

"आन् काल इचारलंस," आई आपल्याच नादात पुढं म्हणाली, "मला एकट्याला थितं का ठिवून आलीस..."

"कुठं, आई?"

येसूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा बघता बघता कोरा झाला. ती उठली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

त्या घरात भुताखेतांचं नाव कधी निघालं नव्हतं. त्याचे वडील जालिंदर हयात असताना सकाळी बुद्धवंदना म्हणणारे, आणि अंगात आलं, नजर लागली असलं कुणी बोललं तर उठून जाणारे. राजरत्न त्यांचाच मुलगा. बिघाड असणार, एवढंच त्यानं मनाशी म्हटलं. त्यानं वेबसाइटवरचा आपला आवाज पुसून टाकला, स्पीकरची वायर काढली आणि तो कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. आई दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत त्यानं कॅमेरा उघडला. आई रिकाम्या फळीपुढं उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला. ती मान हलवत होती, कुणी वाट समजावून सांगावी आणि आपण नीट ध्यानात ठेवावी तशी. मग ती वाकली, पायात चपला सरकवल्या, कडी काढली आणि बाहेर पडली.

राजरत्ननं साहेबांनाही विचारलं नाही. माधवनगर मागं पडेपर्यंत त्याला आपण गाडी चालवतोय याचं भान नव्हतं. नांद्र्याजवळ त्यानं गाडी कडेला घेतली आणि मोबाइल बघितला. घड्याळाचा ठिपका घरापासून लांब, ओढ्याच्या अंगाला असलेल्या रानात गेला होता. तिथं नुसता ऊस.

त्या घड्याळाला एक सोय होती. आपण फोन लावला की ते आपोआप उचललं जायचं. त्यानं फोन लावला.

आधी काहीच नाही. मग पाल्याची सळसळ. लांबवर खसाखसा आवाज. आईची धाप. आणि मग, अगदी घड्याळाजवळून, हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "आई, जपून. पाला कापंल."

राजरत्ननं ओठांवर हात ठेवला. ओठ मिटलेले होते. तो आवाज त्याचाच होता. फक्त ही बोली त्यानं त्या वेबसाइटला कधी दिलीच नव्हती.

"आई," तो फोनमध्ये म्हणाला. "आई, थांब तिथंच. मी येतोय."

सळसळ थांबली. मग त्याच्याच आवाजात, लहान मुलाला नवा शब्द गवसावा आणि त्यानं तो घोळवून बघावा तसं, पलीकडून आलं, "मी... येतोय."

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

वसगडे गेलं, भिलवडीचा फाटा गेला. पिंकीचा फोन येत होता. त्यानं एकदाच उचलून "आई रानात गेलीया" एवढंच सांगितलं. दिवस कलायला लागला होता. साखर कारखाने सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळं ऊस डोक्याच्या वर गेलेला, अंगाला अंग लावून उभा. पाणंदीत ओल्या मातीचा आणि कुजक्या पाचटाचा वास कोंडला होता.

बांधावर अजितकुमार आण्णा उभे होते. रान त्यांचं. जालिंदरच्या वयाचे, गळ्यात टॉवेल. राजरत्ननं धापा टाकत सगळं सांगितलं आणि मोबाइलवरचा ठिपका दाखवला. आण्णांनी चष्मा सारखा केला. ठिपका बघितला, मग मान वर करून रानाच्या त्या कोपऱ्याकडं बघतच राहिले.

"आण्णा?"

"थितं बोरीचं झाड हुतं," आण्णा म्हणाले. "तवा ऊस नव्हता, समदा माळ हुता. तुझ्या बानं माझ्या वडलास्नी इचारून जागा घेतली. तुझ्या थोरल्या भावाला थितं ठेवलाय."

"मला भाऊ न्हाई, आण्णा."

"हुता. वर्साचा बी न्हवता. तापात गेला. तुझ्या बानं घरात नाव काढू दिलं न्हाई, म्हनून तुला ठावं न्हाई." आण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "येसूबाई तवा येकच म्हनायची. लेकरू बोलायच्या आदीच गेलं. येकदा आई म्हनला असता, तर बरं झालं असतं..."

राजरत्न उसात शिरला.

आत शिरल्याबरोबर ऊन संपलं. पाल्याच्या धारा गालाला, हाताला कापत होत्या. सरीत पाय रुतत होते. "आई," त्यानं हाक मारली. "आई... हिकडं."

डाव्या अंगानं हाक आली, "आई... हिकडं."

तो थांबला. ती हाकही थांबली. तो जोरात ओरडला. हाकही तेवढ्याच जोरात आली, पण आता उजवीकडून, आणि त्याच्यापेक्षा पुढून. बांधावरून आण्णांचा आवाज आला, "येका जागी थांब की रं. दोन बाजूंनी का हाका मारतोस?"

राजरत्न हाका मारतच राहिला. दुसरं काय करणार? घसा फुटेपर्यंत ओरडला, रडला, पडला, उठला. मोबाइलवरचा ठिपका आणि तो स्वतः एकमेकांवर आले तरी समोर ऊसच होता. मग त्याला ती दिसली. एका सरीवर, पाचट सारून केलेल्या जागेत येसूबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर पदर पसरलेला. त्या पदरावर ती हळूहळू थोपटत होती. पदरावर काही नव्हतं, पण मध्यभागी तो खोल दबला होता.

"आई, चल घरी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तिनं वर पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. "तुमी कोन?"

"मी राजू."

"राजू हाय की हितं," ती म्हणाली. आणि तिच्या पाठीमागच्या उसातून, हाताच्या अंतरावरून, त्याच्याच आवाजात कुणीतरी हळूच विचारलं, "आई... कोन हाय?"

पाला हलत नव्हता. राजरत्नला पळून जावंसं वाटलं, आणि आईला तिथंच सोडून पळालो तर आयुष्यभर हा ऊस आपल्या मागं लागेल हेही त्याच क्षणी कळलं. तो चिखलात गुडघ्यांवर बसला. ज्या घरात भुताचं नाव निघालं नव्हतं, त्या घरातला हा माणूस उसापुढं हात जोडून बोलू लागला.

"दादा... मला ठावं न्हवतं रं. मला कुनी सांगितलं न्हाई. आईला सोड. तिला हितं ठिवू नगं. माझं काय पायजे ते घे... आवाज घे, नाव घे. पर तिला घरी येऊ दे."

मग आईच्या मांडीवरचा पदर हलका झाला, सपाट झाला. येसूबाई आपली आपण उठली, पदर झटकून डोक्यावर घेतला आणि मुकाट्यानं त्याच्या मागोमाग चालू लागली. बांधावर येईपर्यंत मागं एकही पान वाजलं नाही. आण्णांनी तिला हात देऊन वर घेतलं. राजरत्नकडं त्यांनी बघितलं नाही.

पिंकी घरी आली तेव्हा येसूबाई हातपाय धुऊन भाकरी खात होती. एवढं रान तुडवून तिच्या अंगावर कुठं ओरखडा नव्हता. पिंकीनं नवऱ्याच्या कापलेल्या तोंडाला औषध लावलं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घाबरला होता तुमी. आईंचा आजार वाढलाय. आता मीच रजा टाकते." पण त्या आठवड्यात तिनं कॅमेरे, घड्याळ, स्पीकर, सगळ्या वायरी एका पोत्यात भरल्या आणि कृष्णेच्या पुलावरून खाली सोडून दिल्या. राजरत्ननं तिला अडवलं नाही. त्याचा नाद सुटला तो सुटलाच.

येसूबाई बरी आहे. खाते, पिते, अंगण झाडते, पुन्हा कधी वाट चुकली नाही. पिंकीला नावानं हाक मारते. आण्णा भेटायला आले तर त्यांना ओळखते. फक्त राजरत्नला ती 'तुमी' म्हणते. त्याच्यासमोर पदर सावरून बसते, त्याला आधी वाढते, "आनी वाढू का?" असं परक्याला विचारावं तसं विचारते. तो आई म्हणाला की संकोचून हसते. त्यानं पायाशी बसून कितीदा समजावलं, जुने फोटो दाखवले. ती फोटो निरखून बघते, कौतुकानं मान हलवते आणि फोटो त्याला अदबीनं परत देते.

परवाच्या रविवारी दुपारी तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता. पिंकी बाजारात गेली होती. डोळा लागला होता, तो कशानं तरी उघडला. आत आई बोलत होती. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती, आणि कुणाला तरी भाकरीचा पापुद्रा भरवावा तशी मधूनच "खा की रं" म्हणत होती. राजरत्न न हलता पडून राहिला. कॉटची पट्टी तेवढी करकरली.

आत हसणं थांबलं.

"हळू बोल, राजू," येसूबाई आत कुजबुजली. "पाव्हणं जागं झाल्यात."

आणि स्वयंपाकघरातला दुसरा आवाज, त्याचाच, हळू झाला.