शीतघरातल्या कापांचं पाणी

सुट्टीनंतर शीतघर उघडलं, तेव्हा मालक पहिल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले सापडले. दाराची आतली मूठ मोडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बायकोच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तिने गुप्तहेर बाईंना बोलावलं.

"त्यांना गारव्याची सवय होती," ती म्हणाली. "उन्हाळ्यात डबाही त्याच खोलीत खायचे."

बाई आल्या, सोबत त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर.

आधी दीर, म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ, बोलला. "यंत्रखोलीची चावी माझ्याकडेच असते. तापमानाचा काटा शून्याच्या वरच होता, सुट्टीभर हात लावला नाही. दादा परगावी गेलाय, असंच घरात सगळ्यांना वाटलं."

मग खाटीक. "एकाच डुकराची कंबर, बाई. सुट्टीआधी एका सुरीनं ताजे काप केले. अर्धे या खोलीत, अर्धे पलीकडच्या."

पलीकडचे ट्रे जेमतेम ओलसर होते. इथल्या ट्रेंमध्ये गुलाबी पाणी साचलं होतं.

"वजन वाढवायला पाणी मारलं असेल," मास्तर कुजबुजले.

"मी? चांगल्या मांसाला?" खाटीक उसळला.

बाईंनी एक काप दाबला. ओल्या बोळ्यासारखं पाणी सुटलं.

त्यांनी सगळ्यांना कचेरीत बसवलं आणि सांगू लागल्या. मालकाची बायको हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली; शब्द लांबून येत होते.

"मांस म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. पाणी तंतूंच्या आत धरलेलं असतं, गारव्यात थोडंच झिरपतं. पण मांस गोठलं की बर्फाचे कण तंतू फाडतात. वितळल्यावर पाणी धरायला काही उरत नाही. जनावर एक, सुरी एक. फरक फक्त खोलीचा. ही खोली कुणीतरी गोठवली आणि दार उघडण्याआधी पुन्हा पूर्ववत केली."

"बिघाड झाला असेल की," मास्तर म्हणाले.

"अहो, बिघाड आपणहून दुरुस्त होतो का? यंत्रखोलीची चावी एकाकडेच आहे, आणि तो म्हणतो काटा हललाच नाही."

दिराने मान खाली घातली. "दादा मला घराबाहेर काढणार होता."

खाटीक पोलिसांना फोन लावायला उठला.

"हाका मारत होते का?" मालकाच्या बायकोने विचारलं.

"हो. आधी मला." दिराने वर पाहिलं. "मग तुला, वहिनी."

"बरं," ती म्हणाली.